पंचावन्नाच्या आसपास काम बदलताना: आधी खर्च, मग कागद, मग राजीनामा

निवृत्तीला चार-सहा वर्षे उरली असताना काम बदलण्याचा विचार मनात आला, की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो नव्या कामाचा. माझ्या मते तो प्रश्न तिसरा आहे. आपले घर महिन्याला किती पैशांत चालते हा पहिला, आणि आपली कागदपत्रे आपल्या ताब्यात व बिनचूक आहेत का हा दुसरा. पंचावन्नाव्या वर्षी सुरू केलेले काम पहिली दोन वर्षे तरी जुन्या पगाराच्या जवळपास जात नाही, त्यामुळे घरखर्च जितका आटोपशीर तितकी कामाची निवड मोकळी राहते. साठ हजार रुपये लागणाऱ्या घराला जे काम परवडणार नाही, तेच काम बेचाळीस हजारांत चालणाऱ्या घराला सहज परवडते.

पुढील विवेचन प्रामुख्याने खासगी नोकरीतील, भविष्य निर्वाह निधीचे सभासद असलेल्या आणि शहरात स्वतःचे घर असलेल्या वाचकांसाठी आहे. मी स्वतः डोंबिवलीत राहते. एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात अनेक वर्षे काम केल्यावर छप्पन्नाव्या वर्षी ती नोकरी सोडली आणि गृहनिर्माण संस्थांचे हिशेब पाहू लागले, म्हणून उदाहरणे त्या कामातील येतील. राज्य शासनाच्या सेवेतील, जुनी निवृत्तिवेतन योजना लागू असलेल्या कर्मचाऱ्यांना २० वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि त्यांचे निवृत्तिवेतन लगेच सुरू होते. त्यांचे गणित त्यामुळे वेगळे आहे.

बारा महिन्यांची वही

एका महिन्याच्या खर्चावरून अंदाज बांधू नये. आपल्याकडे खर्च ऋतूंप्रमाणे येतो: मे महिन्यात वर्षाचे धान्य आणि मसाले, जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या फिया, मग गणपती, दिवाळी, आणि लग्नसराईतले आहेर. त्यात मालमत्ता कर आणि विम्याचे वार्षिक हप्ते. म्हणून वही सलग बारा महिने लिहावी आणि प्रत्येक खर्चापुढे तीनपैकी एक खूण करावी: जगण्यासाठी, नोकरीमुळे, किंवा सवयीने.

नोकरीमुळे होणारा खर्च आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच मोठा निघतो. लोकलचा फर्स्ट क्लासचा पास, स्टेशनपर्यंतची रिक्षा, कार्यालयात घालायचे कपडे, दमून आल्यावर मागवलेले जेवण, वेळ नाही म्हणून ठेवलेली दुसरी गाडी हे सगळे त्या रकान्यात जाते आणि नोकरीबरोबर आपोआप गळून पडते. खरी कात्री लावायची ती सवयीच्या रकान्याला. मात्र औषधे आणि वर्षातून एकदा घराबाहेर पडण्याचे पैसे यांना हात लावू नये, कारण तिथे केलेली काटकसर टिकत नाही आणि तिचा राग संपूर्ण योजनेवर निघतो.

समजा, तुम्ही ५४व्या वर्षी नोकरी सोडली आणि ५८व्या वर्षापर्यंत कोणतेही निवृत्तिवेतन घेतले नाही. मध्ये ४८ महिने येतात. महिना ६०,००० रुपये खर्च असेल, तर महागाई न धरताही २८,८०,००० रुपये लागतील, आणि ४२,००० असेल तर २०,१६,०००. फरक ८,६४,००० रुपयांचा आहे. नव्या कामात जम बसेपर्यंत धीर धरता येईल की नाही, हे बहुतेक वेळा याच रकमेवर ठरते.

गृहकर्ज शिल्लक असेल, तर ते पगार चालू असतानाच फेडावे. संपूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांच्या आत मूळ दस्तऐवज परत करणे रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेला बंधनकारक आहे, आणि बँकेमुळे विलंब झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. मुलांच्या शिक्षणासाठी किंवा लग्नासाठी किती रक्कम देता येईल, तेही एकदा घरात बसून आकड्यासह सांगून टाकावे. हे बोलणे अवघड असते हे मान्य, पण अर्ध्या वाटेत उसने पैसे मागण्याइतके नाही.

घर हलके करणे

दिवाळीच्या आधी होते ती आवराआवर नव्हे. त्या वेळी आपण वस्तू पुसून परत माळ्यावर ठेवतो. इथे प्रत्येक वस्तू घरात राहणार की नाही, याचा निर्णय करायचा आहे, आणि त्यासाठी शनिवारी दोन तास, एका वेळी एकच कपाट, असा सहा-आठ महिन्यांचा काळ धरावा. सुरुवात भावना नसलेल्या वस्तूंपासून करावी: बंद पडलेली उपकरणे, रिकामी खोकी, जुन्या वायरी. सासूबाईंचे पितळी घंगाळ आणि फोटोंचे अल्बम शेवटी घ्यावेत. पितळेची, तांब्याची भांडी मोडीत काढण्यापूर्वी भाचरांना, पुतण्यांना विचारावे. मी विचारले, तेव्हा जी वस्तू कोणालाच नको असेल असे धरून चालले होते, त्याच पाणी तापवण्याच्या बंबासाठी दोघींत ओढाताण झाली. पुस्तके ग्रंथालयाला द्यायची असल्यास आधी यादी पाठवावी, कारण ग्रंथालयांकडेही जागेची अडचण असते. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे: जोडीदाराची वस्तू त्याला न विचारता काढू नये.

बँकेच्या खात्यांनाही हीच शिस्त लावावी. प्रत्येक नोकरीत उघडलेली पगाराची खाती, विसरलेल्या ठेवी, कोणाच्या तरी भिडेखातर घेतलेल्या विमा पॉलिसी यांची यादी करून दोन खाती ठेवावीत आणि बाकीची रीतसर बंद करावीत. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नामनिर्देशित व्यक्तींची नावे देता येतात. परंतु नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे वारस नव्हे. मालकी कोणाकडे जावी हे सांगायचे असेल, तर मृत्युपत्रच हवे. त्याला दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि नोंदणी ऐच्छिक असली तरी ती केलेली बरी.

साधेपणाच्या ओढीने अनेकांना गावी जाऊन राहावेसे वाटते. तसे करायचे असल्यास एक संपूर्ण पावसाळा तिथे भाड्याने राहून पाहावे. डिसेंबरातल्या कोकणावरून जुलैतल्या कोकणाची कल्पना येत नाही. शेतजमीन घेण्याचा विचार असेल, तर महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय ती विकत घेता येत नाही, हे विसरू नये. सातबाऱ्यावर तुमचे किंवा वडिलांचे नाव नसेल, तर कोणालाही बयाणा देण्यापूर्वी वकिलाला गाठावे.

हातात येणारे पैसे आणि त्यांच्या तारखा

या भागात घाई केल्यास होणारे नुकसान पुढे भरून निघत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

ग्रॅच्युइटीचे सूत्र असे आहे: शेवटचे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ६०,००० रुपये आणि सेवा २८ वर्षे असल्यास सुमारे ९,६९,००० रुपये मिळतात. खासगी नोकरीत २० लाखांपर्यंतची ग्रॅच्युइटी करमुक्त आहे, आणि नोकरी सोडताना मिळणाऱ्या रजेच्या रोखीकरणासाठी हीच मर्यादा २५ लाखांची आहे.

कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५, हिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. दहा वर्षांच्या सेवेनंतर हक्क मिळतो, पण सर्वसाधारणपणे निवृत्तिवेतनाचा हिशेब १५,००० रुपयांच्या कमाल वेतनावर होतो आणि सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेसाठी ती मर्यादा ६,५०० रुपयेच आहे. निवृत्तिवेतनाचे नियत वय ५८ आहे. पन्नाशीनंतर ते लवकर घेता येते, मात्र ५८ला जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांसाठी दर वर्षी ४ टक्के कपात होते आणि ती आयुष्यभर राहते. उलट ५८ नंतर थांबल्यास साठाव्या वर्षापर्यंत दर वर्षी ४ टक्के वाढ मिळते. नव्या कामातून घर चालत असेल, तर थांबणेच श्रेयस्कर.

ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीनंतरची समजली जाते, पण निवृत्त होऊन, खाते उघडताना ५५ वर्षे पूर्ण झालेल्यांनाही ती खुली आहे. अट एवढीच, की निवृत्तीचे लाभ मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत आणि त्या लाभांच्या रकमेपर्यंतच पैसे गुंतवावेत. कमाल मर्यादा ३० लाख रुपये आहे आणि व्याज दर तिमाहीला हातात येते. म्हणजे ५५ पूर्ण होण्याच्या तीन महिन्यांहून अधिक आधी निवृत्तीचे लाभ हातात घेणाऱ्याने केवळ काही महिन्यांच्या उतावीळपणापायी पुढील पाच वर्षे ही सोय गमावली, असा त्याचा अर्थ होतो.

आरोग्य विम्याचे वेळापत्रक याहून आधी सुरू होते. कंपनीचा समूह विमा नोकरीबरोबर संपतो. वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असू शकतो. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याने ५५व्या वर्षी नोकरी सोडायची असेल, तर वैयक्तिक पॉलिसी ५२व्या वर्षी घ्यावी. ते राहून गेले असल्यास समूह विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय आहे का, हे नोकरीत असतानाच लेखी विचारावे. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही, तेवढाच दिलासा.

नवे काम निवडताना

आवड हा शब्द या वयात थोडा जपून वापरावा. आवडीचे काम म्हणून अनेक जण पूर्णपणे अनोळखी क्षेत्रात उडी घेतात आणि दोन वर्षे शिकण्यात घालवतात. हातात असलेले कौशल्य वेगळ्या जागी नेणे अधिक सोपे पडते. मी हिशेबच लिहीत होते आणि आजही हिशेबच लिहिते. फक्त पूर्वी वरिष्ठ अधिकारी एकच होता आणि आता प्रत्येक इमारतीत समितीचे सगळे सदस्य आहेत.

गृहनिर्माण संस्थांचे काम उदाहरण म्हणून पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात अशा नोंदणीकृत संस्था लाखाहून अधिक आहेत. सहकारी संस्था अधिनियम, १९६०, यानुसार प्रत्येक संस्थेला आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत लेखापरीक्षण आणि ३० सप्टेंबरपूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. समितीवरील माणसे नोकरदार असल्यामुळे नियम समजणारे, इतिवृत्त नीट लिहिणारे आणि थकबाकीदारांशी न भांडता बोलणारे माणूस त्यांना हवेच असते. काम एप्रिल ते सप्टेंबर भरपूर आणि नंतर निवांत असते. हे चक्र जीवन साधे करू पाहणाऱ्याला मानवते.

या क्षेत्रासाठी सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही पदविका परीक्षा उपयोगी पडते. पदवीधराला ती घरी अभ्यास करून देता येते. केवळ गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापनासाठी सी.एच.एम. ही त्याच मंडळाची लहान परीक्षा आहे. लेखापरीक्षकांच्या नामतालिकेत नाव यावे असे वाटत असेल, तर परीक्षेशिवाय अनुभवाचीही अट असते. इतर विषय शिकायचे असतील, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहेच.

परीक्षेहून महत्त्वाची आहे ती तालीम. नोकरीच्या करारात बहुधा बाहेरचे सशुल्क काम करण्यास मनाई असते, म्हणून आधी विनामोबदला काम करावे. मी आमच्याच संस्थेत दोन वर्षे खजिनदार झाले. वाहनतळाच्या वादांवरून रात्री अकरा वाजता येणारे फोन आपल्याला सोसतात का, हे कोणत्याही पुस्तकातून कळले नसते. डबे पुरवण्याचा किंवा शिकवणीचा विचार असलेल्यांनीही सुट्टीच्या दिवशी, ओळखीच्या चार घरांपुरती, अशीच परीक्षा घ्यावी.

मोबदला ठरवताना संकोच करू नये. ओळखीतून येणारी पहिली दोन कामे बहुधा ‘बघू, देऊ काहीतरी’ या बोलीवर येतात, आणि ते ‘काहीतरी’ नंतर वाढवता येत नाही. कामाची यादी, दरमहा रक्कम आणि मुदत एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. नोंदणीचा बाऊ करू नये. लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणी विनाशुल्क होते आणि सेवा व्यवसायात वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. घरगुती खाद्यपदार्थांसाठी मात्र उलाढाल कितीही लहान असली, तरी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी करावीच लागते.

राजीनाम्याची तारीख

तारीख ठरवताना ५५वा वाढदिवस, वार्षिक बोनस आणि नोटीस कालावधी यांची एकत्र मांडणी करावी. राजीनामा देण्यापूर्वी भविष्य निर्वाह निधीच्या खात्यातील नाव, जन्मतारीख आणि आधार यांचा मेळ तपासावा. जुन्या नोकऱ्यांमधील शिल्लक सध्याच्या खात्यात वळवून घ्यावी आणि ज्या दुरुस्तीला मालकाची संमती लागते, ती तुम्ही त्याच इमारतीत बसत असेपर्यंत पूर्ण करावी. बाहेर पडल्यावर तेच पत्र मिळवण्यासाठी तीन चकरा होतात. शेवटच्या दिवशी कार्यमुक्तीचे पत्र, अनुभवाचा दाखला आणि अंतिम देण्यांचा तपशील हातात घ्यावा.

आणि कंपनीचे सिमकार्ड परत करण्याच्या किमान महिनाभर आधी बँक, आधार, भविष्य निर्वाह निधी आणि प्राप्तिकर खाते या चारही ठिकाणी स्वतःचा क्रमांक जोडून घ्यावा. ओटीपी जुन्या क्रमांकावर जात राहिला, तर मिळालेली ग्रॅच्युइटी खात्यात दिसते, पण हलवता येत नाही, आणि बचत योजनेची तीन महिन्यांची मुदत तेवढ्यात पुढे सरकत असते.