व्हेनिसवर लिहिताय? मग या चुका टाळा

मध्ययुगीन व्यापारी शहरांवरचे निबंध तपासून तपासून डोकं उठलंय. चुका दरवर्षी त्याच.

सगळ्यांची लाडकी चूक: ‘1297 मध्ये व्हेनिसच्या महापरिषदेचे दरवाजे बंद झाले आणि व्यापार बुडाला.’ (महापरिषद म्हणजे शहराचा कारभार ठरवणारी सभा; दरवाजे बंद म्हणजे नव्या घराण्यांना तिथे प्रवेश बंद.) एका सेमिनारमध्ये एका हुशार मुलाने पडद्यावर सरळ खाली घसरणारी रेघ दाखवली. विचारलं, कुठल्या आकड्यांवर काढलीस? आकडे नव्हतेच, कुठल्याशा व्हिडिओत तसं सांगितलं होतं. बरं, मग बुडालेल्या शहराने 1405 मध्ये पादुआ आणि व्हेरोना कशाच्या जोरावर घेतली? यावर साहेब गप्प.

अहो, 1297 नंतर महापरिषद आधी फुगली. काही वर्षांतच सभासद हजारावर गेले, आणि नवख्यांसाठीची दारं त्यानंतर हळूहळू मिटली. प्रश्न व्यापार किती झाला हा नाहीच, तो कोणाला करता आला हा आहे. आधीची कोलेगान्त्सा नावाची भागीदारी बघा. पैसेवाला घरी बसून भांडवल घालायचा, तरुण व्यापारी माल घेऊन समुद्रापार जायचा, आणि नफ्याचा चौथा हिस्सा त्याला मिळायचा. फेऱ्या नीट पार पडल्या की उद्या तोच दुसऱ्याला भांडवल द्यायचा. चौदाव्या शतकात मात्र किफायतशीर मार्गांवर सरकारी गॅली, म्हणजे वल्ह्यांची लांब जहाजं, धावू लागल्या. त्या लिलावाने भाड्याने जायच्या आणि बोली लावायची ती महापरिषदेतल्या उमराव घराण्यांनीच. शहर श्रीमंतच राहिलं, खालून वर येणारे आटले. दोन वाक्यं जास्त लिहावी लागतात, म्हणून हे कोणी लिहीत नाही.

‘वास्को द गामाने 1498 मध्ये व्हेनिस संपवलं.’ नाही. सोळाव्या शतकाच्या मध्याला लाल समुद्रामार्गे मिरी पुन्हा भरपूर येत होती.

‘कोझिमो मेदिची 1434 पासून फ्लॉरेन्सचा राजा.’ राजा कसला! तो सावकार. तिथे सरकारी पदांसाठी चिठ्ठ्या निघायच्या, आणि थैलीत कोणाची नावं पडायची ते त्याची माणसं बघायची.

‘ब्रुज गाळाने मेलं.’ फ्लँडर्समधल्या या व्यापारी शहराला समुद्राशी जोडणारी झ्विनची खाडी गाळाने भरत होती, मान्य. पण 1488 मध्ये शहराने तिथला कारभार बघणाऱ्या हॅब्सबर्ग घराण्याच्या मॅक्सिमिलियनलाच कोंडलं आणि सुटल्यावर त्याने परदेशी व्यापाऱ्यांना अँटवर्प या प्रतिस्पर्धी बंदराला जायला सांगितलं, ते कुठे गेलं?

माझी सवय साधी आहे: कागदावर मधे वर्षं, डावीकडे कायदे, उजवीकडे जहाजं आणि माल. घाईवाल्यांना हे कंटाळवाणं वाटतं. पण असं मांडलं की 1381 सुटत नाही. त्या वर्षी, जेनोआशी झालेल्या चिओज्जाच्या युद्धात मदत करणाऱ्या तीस नव्या घराण्यांना महापरिषदेत घेतलं. ‘बंद दारां’च्या निबंधांत ही नोंद मला क्वचितच सापडते.