पत्रिका पाकिटात भरताना या चुका टाळा

नात्यातल्या बहुतेक लग्नांच्या पत्रिका आमच्याच जेवणाच्या टेबलावर भरल्या जातात. पत्रिका सुंदरच असते हो, घोळ होतो तो सोबतच्या पुड्यांचा आणि चिठ्ठ्यांचा.

अक्षतांचंच घ्या. अक्षत म्हणजे न मोडलेला दाणा, म्हणून कणी चालत नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. वाळवायला मात्र कुणाला धीर नसतो. भाचीच्या लग्नात पोरांनी पाण्यात कुंकू कालवून तांदूळ माखले आणि तासाभरात पुड्या बांधायला घेतल्या. मी म्हटलं, उद्या भरू. "मावशी, होतंय गं!" झालं ते असं: कुंकू पुडीतून पत्रिकेवर उतरलं, तेही नेमकं मुहूर्तावर. 12 वाजून 37 मिनिटांतला 3 लाल डागाखाली गेला आणि साताऱ्याच्या काकांना तो 5 वाटला. 12 वाजून 50 मिनिटांनी ते वेळेआधी पोचल्याच्या आनंदात हॉलमध्ये शिरले, तर स्टेजवर हार घालून झाले होते. अजूनही मला बघितलं की ते आधी घड्याळ बघतात.

आता मी तांदूळ दोन रात्री पंच्यावर पंख्याखाली पसरते. चिमटीत चोळून बोट कोरडं राहिलं तरच पुडीत. आणि पुडीत चिमूटभरच, मूठभर नको. टपालाचा साधा दर पहिल्या 20 ग्रॅमपुरता असतो. वजन वाढलं आणि तिकीट कमी पडलं तर फरकाच्या दुप्पट पैसे पोस्टमन पाहुण्याकडून मागतो. आग्रहाचं निमंत्रण, तेही दंड भरून!

पुडी पत्रिकेला स्टेपल करू नका, पिन बोटात घुसते.

हळदीची चिठ्ठी वेगळी असेल तर आधी पाकिटावर नाव, मग आत चिठ्ठी. उलट केलं की हळदीचं बोलावणं ऑफिसात जातं आणि सख्खी आत्या रुसते. "घाईत गडबड झाली" हे आत्याला सांगून बघा.

"आहेर आणू नये" छापलंत तर दारात वही-पेन घेऊन कुणाला बसवू नका.

नकाशाच्या चिठ्ठीवर नवरीच्या वडिलांचा नंबर तर देऊच नका. मुहूर्ताला ते मुलीजवळ उभे असतात. गाडी कुठे लावू, हे सांगायला एखादा रिकामा चुलतभाऊ पुरतो.