छोटं पितळी चॅनेल कापताना आधी पोकळी भरा

मी 1:87 प्रमाणातल्या लोखंडी पुलांची मॉडेल्स बनवतो. त्यांत पितळी चॅनेल, म्हणजे एक पाठ आणि दोन भिंती असलेली U आकाराची पट्टी, लागते. या प्रमाणात 0.2 मिलिमीटरची फट खऱ्या पुलावर 17 मिलिमीटरची झाली असती, त्यामुळे ती कुणाच्याही नजरेला खुपते. शिवाय सोल्डर, म्हणजे जोडासाठी वितळवलेला धातू, अरुंद फटीतच नीट ओढलं जातं. म्हणून काप स्वच्छ हवा.

3 मिलिमीटर रुंदीच्या चॅनेलची भिंत जेमतेम 0.35 मिलिमीटर जाड असते. बारीक रेझर सॉला, म्हणजे पातळ पात्याच्या छोट्या करवतीला, इंचाला 50 च्या आसपास दाते असतात, म्हणजे मिलिमीटरला दोन. पातळ धातू कापताना एका वेळी निदान तीन दाते धातूवर टेकले पाहिजेत, असा कारागिरांचा नियम आहे. इथे एकही दात धड टेकत नाही. भिंत दोन दात्यांमधल्या खाचेत शिरते, करवत अडते आणि भिंत आत दुमडते. याहून बारीक पातं शोधत बसू नका, तेवढे बारीक दाते कुठल्याच पात्याला नसतात. त्यापेक्षा चॅनेलची पोकळी भरून टाका.

टणक लाकडाची पट्टी आतल्या मापाला घासून घ्या. ती बोटाने दाबून बसावी. हातोडीने ठोकावी लागली तर भिंती फाकतील. तिची उंची भिंतींच्या कडेबरोबर हवी, कमी नको. अशा पट्ट्या मापामापाच्या करून ठेवाव्यात, त्या पुन्हापुन्हा लागतात. आता दात्यांना भिंतीबरोबर लाकूडही मिळतं, त्यामुळे ते भिंतीवरून घसरून खाली आदळत नाहीत.

खूण पेनाने करू नका, रेघच अर्धा मिलिमीटर जाड होते. मार्करने पितळ काळं करा आणि गुण्या (काटकोनाची पट्टी) लावून धारदार सुरीने त्यावर ओरखडा काढा. काप या ओरखड्याच्या बाहेर, 0.3 मिलिमीटर सोडून घ्यायचा. अचूक माप कानशीने येतं, करवतीने नाही.

चॅनेलची पाठ वर ठेवून मिटर बॉक्समध्ये (करवत सरळ चालवणाऱ्या खाचांच्या पेटीत) टाकाऊ फळीच्या तुकड्यावर घट्ट धरा. सुरुवातीला करवत उलटी, म्हणजे कापत नाही त्या दिशेने, दोनतीनदा ओढून खाच पाडा. मग वजन न टाकता लांब हात मारा. करवतीचं स्वतःचं वजन पुरतं. पाठ कापून झाल्यावर मूठ थोडी खाली झुकवा, म्हणजे भिंतीवर तिरपे जास्त दाते येतात. शेवटी करवत खालच्या फळीत किंचित शिरू द्या. त्यामुळे खालच्या कडेला बर, म्हणजे कापाला राहणारी धातूची कुसं, फारच कमी येते.

रोटरी टूलची (वेगाने फिरणाऱ्या छोट्या हातयंत्राची) चकती जलद कापते हे खरं, पण पातळ भिंत तापते, शेजारचं सोल्डर सुटू शकतं आणि चकती फुटली तर तुकडे थेट तोंडावर उडतात. वापरायचीच असेल तर गॉगल घालूनच. कटर पक्कड मात्र नकोच, ती चॅनेल चेपते.

कापून झालं तरी पट्टी आतच राहू द्या. काटकोनात घासलेला लाकडी ठोकळा टोकाला टेकवून सपाट कानस ओरखड्यापर्यंत हलक्या हाताने चालवा. नंतर पट्टी काढून आतल्या कोपऱ्यातली बर नीडल फाइलने, म्हणजे सुईसारख्या बारीक कानशीने, साफ करा. ॲल्युमिनियमचं चॅनेल असेल तर त्याचा कीस दात्यांत चिकटतो. करवतीला मेणबत्ती चोळा, कानशीला खडू.

पुलाला डावी-उजवी जोडी लागते. तिथे दोन्ही तुकडे एकसारखे असणं हे आकड्याबरहुकूम असण्यापेक्षा महत्त्वाचं. दोन्ही तुकड्यांच्या पोकळीत पट्टी ठेवूनच त्यांची पाठीला पाठ लावा, एका टोकाला गुण्या लावून जुळवा, व्हाइसमध्ये आवळा आणि दुसरं टोक एकत्रच घासा.