परदेशात दाताचं इम्प्लांट करायचंय? पैसे दोन फेऱ्यांत वाटा

स्वस्त म्हणून दाखवलेला आकडा बऱ्याचदा फक्त हाडात बसवायच्या स्क्रूचा असतो. वर कॅप (म्हणजे दिसणारा दात) बसायला दुसरी फेरी लागते आणि तिथेच हिशेब कोलमडतो.

१. निघण्याआधी ओपीजी (पूर्ण जबड्याचा) एक्स-रे पाठवून दर दाताप्रमाणे लेखी दरपत्रक मागवा: स्क्रू, अबटमेंट (स्क्रू आणि कॅप जोडणारा तुकडा), कॅप, तात्पुरता दात, सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय) स्कॅन. हाड कमी पडलं तर बोन ग्राफ्टचे (हाडाची भर घालायचे) किती, हे वेगळं लिहून घ्या. तो खर्च बहुधा स्कॅननंतरच समोर येतो.

२. हाड स्क्रूला घट्ट धरायला साधारण ३ ते ६ महिने लागतात. म्हणून तिकीट आणि मुक्काम दोनदा धरा. कर्ज घ्यायचंच असेल तर आधी पहिल्या फेरीपुरतं घ्या. कॅपचे पैसे आत्ताच उचलले तर ते नुसते पडून राहतात आणि व्याज मात्र चालू होतं.

३. सगळी रक्कम आगाऊ देऊ नका, टप्प्याटप्प्याने द्या. कार्ड मशीनने "तुमच्या चलनात की स्थानिक चलनात?" विचारलं तर स्थानिक निवडा, दुसऱ्या पर्यायात विनिमय दर सहसा महाग पडतो.

बिलासोबत इम्प्लांटच्या पाकिटावरचं स्टिकर नक्की मागून घ्या: कंपनी, माप, लॉट नंबर. घरी आल्यावर कॅप हलायला लागली, तर कुठला स्क्रूड्रायव्हर बसेल हे डॉक्टरांना त्यावरूनच कळतं.

सावधान: ठरवून केलेल्या उपचारातली गुंतागुंत प्रवास विम्यात सहसा धरत नाहीत. एका जादा फेरीचे पैसे बाजूला ठेवूनच निघा.