दसऱ्याच्या झेंडूने कापडावर छापे

तोरण उतरवलं की झेंडू फेकू नका, त्याचा मस्त पिवळा रंग निघतो. कापड फक्त कॉटन, पॉलिस्टरवर काही चढत नाही. कोरं कापड आधी धुण्याच्या सोड्यात तासभर उकळा, खळ राहिली तर रंग डागाडागानेच बसतो. मग 100 ग्रॅम कापडाला 20 ग्रॅम हिरडा पावडर गरम पाण्यात कालवून कापड भिजवा, सावलीत वाळवा, नंतर 15 ग्रॅम तुरटीच्या पाण्यात रात्रभर ठेवा. कंटाळवाणं आहे खरं, पण रंग धरतो तो इथेच, हे टाळलंत तर दोन धुण्यांत सगळं गायब.

आता ओलसर कापडावर पाकळ्या पसरा, घट्ट गुंडाळा, सुतळीने करकचून बांधा आणि जुन्या मोदकपात्रात तासभर वाफवा (स्वयंपाकातलं नको हं!). पूर्ण गार झाल्यावरच सोडा.

गडद शेड हवी तर गंजके खिळे गुळाच्या पाण्यात दोनेक आठवडे मुरवा, त्यातलं थोडंसंच बादलीभर पाण्यात घालून कापड बुडवून लगेच काढा, पिवळा मेंदीच्या पानांसारखा हिरवट होतो आणि हिरड्यामुळे मागचं कापड राखाडी. लोखंड जास्त झालं तर कापड विरतं, म्हणून हात आखडताच ठेवा. पहिली धुलाई रिठ्याने, वाळवणं सावलीतच.