जर्नलमधल्या लेखाचा संदर्भ देताना या चुका टाळा

डॉ. आंबेडकरांच्या 'कास्ट्स इन इंडिया' या निबंधाचा संदर्भ बऱ्याच प्रबंधांत असा दिलेला असतो: इंडियन अँटिक्वेरी, खंड ४१, मे १९१७. आता साधा हिशेब करू. मुंबईहून निघणाऱ्या या नियतकालिकाचा पहिला खंड १८७२चा, आणि पुढे दर वर्षाला एक खंड. मग १९१७ला कितवा खंड येतो? ४६वा. ४१वा खंड १९१२चा. तेव्हा बाबासाहेब अजून कोलंबिया विद्यापीठात गेलेही नव्हते, आणि निबंध तर तिथे १९१६च्या मे महिन्यात वाचला गेला. खंडांचे आकडे रोमन लिपीत छापत. एक्सएलव्हीआयमधला व्ही गळला की एक्सएलआय उरतो, म्हणजे ४६चे ४१. असंच काहीतरी झालं असावं. पुढे एकाचं पाहून दुसऱ्याने उतरवलं, दुसऱ्याचं पाहून तिसऱ्याने.

संदर्भांतल्या बहुतेक चुका या जातीच्या असतात. स्वल्पविराम कुठे आणि तिरका टाइप कुठे यावर विद्यार्थी रात्र जाळतात, पण मूळ लेखाचं पहिलं पान उघडून बघत नाहीत. गाइडही स्वल्पविरामच तपासतात, हेही खरं.

दुसऱ्याच्या यादीतून उचललेला संदर्भ

सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोन संशोधकांनी २००३ साली छापील संदर्भांतल्या चुकांचा माग काढला. तीच चूक, तोच चुकलेला पान क्रमांक, लेखामागून लेखांत जसाच्या तसा. त्यावरून त्यांचा अंदाज असा की संदर्भ देणाऱ्यांपैकी मूळ लेख वाचणारे साधारण २० टक्केच. याहून मजेशीर प्रकरण व्हॅन डर गीर यांच्या लेखाचं. 'वैज्ञानिक लेख लिहिण्याची कला' अशा अर्थाचं शीर्षक, साल २०००, खंड १६३, पानं ५१ ते ५९. हा लेख अस्तित्वातच नाही! एका प्रकाशन संस्थेने लेखकांसाठीच्या सूचनांत नमुना म्हणून तो दिला होता. लोकांनी नमुना पुसायचा सोडून तसाच ठेवला, आणि २०१७ साली हे उघड झालं तोवर त्या नसलेल्या लेखाला जवळपास ४०० ठिकाणी संदर्भ मिळाले होते.

आता या कामात चॅटजीपीटीसारखी साधनं आली आहेत. ती संदर्भ मागितला की देतात. लेखक खरा, जर्नल खरं, शीर्षक अगदी पटण्यासारखं, आणि लेख मात्र बऱ्याचदा कुणी लिहिलेलाच नसतो. डीओआय, म्हणजे प्रत्येक लेखाला मिळणारा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक, तोही देतात. तो टाकला की कधी काहीच उघडत नाही, कधी भलताच लेख उघडतो. म्हणून डीओआय चालतोय एवढ्यावर थांबू नका, उघडलेलं शीर्षक आणि तुमच्या यादीतलं शीर्षक जुळतंय का ते बघा.

मूळ लेख मिळालाच नाही तर? मग तसं सांगायचं. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या) पद्धतीत मजकुरात दोघांची नावं येतात, म्हणजे अमुक यांचं म्हणणं, तमुक यांनी उद्धृत केलेलं. शेवटच्या यादीत फक्त तुम्ही प्रत्यक्ष वाचलेला लेख येतो. यात कमीपणा काही नाही. पण मिळाला नाही म्हणण्याआधी मुंबई विद्यापीठाच्या कलिनाच्या ग्रंथालयात आणि फोर्टमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात विचारून तरी या.

जर्नलचं नाव, खंड आणि पानं

मुंबईत समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्रात काम करणाऱ्याला 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' म्हणजे ईपीडब्ल्यू चुकत नाही, म्हणून उदाहरणं तिथलीच घेतो. १९५०च्या दशकातले गावांच्या अभ्यासांवरचे गाजलेले लेख सर्रास ईपीडब्ल्यूच्या नावावर टाकलेले दिसतात. ते 'द इकॉनॉमिक वीकली'तले आहेत. ते साप्ताहिक १९४९ला सुरू झालं आणि १९६५ला बंद पडलं. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' हे नाव ऑगस्ट १९६६पासूनचं. लेख छापला गेला तेव्हा नियतकालिकाचं जे नाव होतं तेच लिहायचं. बॉम्बे ब्रँच ऑफ द रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नललाही हाच नियम लागतो.

आणि हा खास आपल्या शहराचा घोटाळा. प्रबंध जवळजवळ तयार झालेला असतो, तेव्हा कुणीतरी सुचवतं की सगळीकडे 'मुंबई' करा. फाइंड अँड रिप्लेस मारलं की मजकुरातलं बॉम्बे जातं, सोबत १९७०च्या लेखांची शीर्षकं बदलतात, जर्नलांची नावं बदलतात, १९९६पूर्वी 'युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे'ने काढलेल्या पुस्तकांचा प्रकाशकही बदलतो. त्या नावाने शोधलं तर काहीही सापडत नाही. मजकुरात तुमची भूमिका असेल ते नाव वापरा, संदर्भयादीला मात्र हात लावू नका. आधीच बदलून बसला असाल तर यादीतला प्रत्येक 'मुंबई' शोधून त्या लेखाचं साल बघा. १९९६ किंवा त्याआधीचं साल असेल तर मूळ पान उघडा.

खंड तपासायला वर केला तसा हिशेब फार उपयोगी. ईपीडब्ल्यूसाठी सालातून १९६५ वजा करा, खंड हाती येतो. १९९८ म्हणजे ३३, २०१५ म्हणजे ५०. यादीत २०१५ आणि खंड ४८ दिसला तर दोन्हींतलं एक नक्की चुकलंय. नियमित निघणाऱ्या जर्नलांना असा ताळा लावता येतो. वर्षाला दोन खंड काढणाऱ्यांना नाही.

पानांचं गणित वेगळं. शर्मिला रेगे यांचा 'दलित विमेन टॉक डिफरंटली' हा लेख ईपीडब्ल्यूच्या खंड ३३, अंक ४४मध्ये आहे, पानं डब्ल्यूएस ३९ ते डब्ल्यूएस ४६. ती दोन अक्षरं छपाईची चूक समजून लोक काढून टाकतात. तो लेख स्त्री-अभ्यासाच्या वेगळ्या विभागात आला होता आणि त्या विभागाची पानं वेगळी मोजलेली होती. अक्षरं गाळली की वाचक भलत्याच ३९व्या पानावर जातो. उलट काही ऑनलाइन जर्नलांत पान क्रमांकच नसतात, प्रत्येक लेखाला एक क्रमांक असतो. तिथे पीडीएफची १ ते १४ पानं लिहायची नसतात, लेख क्रमांक लिहायचा. जेस्टोर या जर्नलांच्या ऑनलाइन संग्रहावरून उतरवलेल्या पीडीएफला पुढे एक जादा पान जोडलेलं असतं, त्यामुळे स्क्रीनवरचा आकडा आणि छापील आकडा कधीच जुळत नाही. उद्धृताला छापील पान द्या.

झोटेरो बिघडलं की

संदर्भ साठवून यादी तयार करणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, चांगलं आहे, जरूर वापरा. पण ते वेबसाइटने दिलेली माहिती मुकाट्याने घेतं. शीर्षक सगळं मोठ्या अक्षरांत आलं, अंक क्रमांक आलाच नाही, असं होतंच. नावांची गडबड तर आपल्याकडे ठरलेली. आडनाव, नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, या क्रमाने लेखकाने नाव छापलं असेल तर सॉफ्टवेअर शेवटचा शब्द आडनाव धरतं. मग बाईंचा लेख नवऱ्याच्या नावाखाली लागतो, तोही भलत्याच अक्षरात.

दुरुस्ती वर्डमध्ये करू नका. पुढच्या रिफ्रेशला ती पुसली जाते आणि जुनी चूक परत येते. झोटेरोतल्या नोंदीतच बदल करा. मजकुरात अचानक '२०१९ए' आणि '२०१९बी' दिसायला लागलं आणि तुम्ही त्या लेखकाचा एकच लेख वापरलाय, तर तो लेख संग्रहात दोनदा शिरलाय. डुप्लिकेट आयटम्समध्ये जाऊन दोन्ही नोंदी एकत्र करा. सालाचा आणखी एक गुंता असतो. लेख आधी ऑनलाइन येतो आणि खंड-अंक वर्षभराने मिळतो. खंड मिळाला असेल तर त्याचं साल घ्या. ऑनलाइनचं साल आणि नंतरचा खंड अशी खिचडी नको.

डीओआय पूर्ण दुव्याच्या रूपात द्यायचा आणि एपीएत त्याच्यापुढे पूर्णविराम नसतो. दुवा उघडत नसेल तर पीडीएफमधून कॉपी करताना मधे रिकामी जागा घुसली आहे का पाहा. विद्यापीठाच्या लॉगिनमधून उघडलेला लांबलचक पत्ता यादीत चिकटवू नका, तो बाहेरच्याला उघडत नाही. जुन्या लेखाला डीओआय नसेल तर नसू दे.

थोडं नियमांचं

विभागात फिरणाऱ्या झेरॉक्सवरचे नियम बहुधा एपीएच्या सहाव्या आवृत्तीचे असतात. सातवी २०१९ला आली. तिच्यानुसार तीन किंवा जास्त लेखक असतील तर मजकुरात पहिल्या उल्लेखापासूनच 'एट अल' (म्हणजे 'आणि इतर'), आणि यादीत २० लेखकांपर्यंत सगळी नावं. वैद्यकातल्या व्हँकुव्हर पद्धतीत सहा नावांनंतर 'एट अल'. गाइडला पद्धत विचाराल तेव्हा आवृत्तीही विचारा.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांना तळटिपांतलं 'तत्रैव', म्हणजे 'वरच्याच पुस्तकात', छळतं. गाइडने मधे एक परिच्छेद घालायला लावला, त्याची नवी तळटीप आली, की खालचं 'तत्रैव' गुपचूप नव्या पुस्तकाकडे बोट दाखवायला लागतं. शेवटचा मसुदा होईपर्यंत 'तत्रैव' लिहूच नका, लेखकाचं आडनाव आणि साल ठेवा.

संदर्भ दिला म्हणजे वाक्यं उचलायची मुभा मिळाली, असं नाही. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि संदर्भयादी त्या मोजणीतून वगळतात. पण दुसऱ्याचे शब्द अवतरणचिन्हांशिवाय घेतले, तर शेवटी कंसात नाव असूनही ते साम्यातच मोजले जातात.

मागे घेतलेले लेखही तपासा. लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा लॅन्सेटमधला १९९८चा लेख २०१०ला मागे घेतला गेला, तरी त्याचे संदर्भ दिले जातच राहिले. टीका करायला तो घेत असाल तर मागे घेतल्याचं लिहा. झोटेरो अशा नोंदीवर इशारा दाखवतं, तो बंद करू नका.

सबमिशनच्या आधी यादी कागदावर छापून घ्या. प्रकरणं पहिल्या पानापासून चाळत जा आणि मजकुरात भेटलेल्या प्रत्येक संदर्भापुढे यादीत पेन्सिलने खूण करा. ज्याला खूण नाही तो यादीतून काढा, आणि मजकुरात असून यादीत नाही त्याचं मूळ पहिलं पान उघडून नोंद नव्याने लिहा.