आधी डिफ उघडा, मग शॉकचे तेल बदला
रिमोटवर चालणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांचा नाद मला इंदुरात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी लागला आणि पहिला अख्खा हंगाम मी भलत्याच जागी दुरुस्ती करण्यात घालवला. माझ्या १/८ प्रमाणाच्या बग्गीचे आतले मागचे चाक वळणातून बाहेर पडताना नुसतेच गरगर फिरत असे. मी मागच्या शॉकमधील, म्हणजे धक्के शोषणाऱ्या नळ्यांमधील, तेल तीनदा बदलले, स्प्रिंगाही बदलून पाहिल्या. अखेर कंटाळून मागचा डिफरन्शियल (थोडक्यात डिफ, डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची डबी) उघडला, तेव्हा त्यात तेलाचा जेमतेम ओशटपणा उरलेला होता. एका ओ-रिंगला केसाएवढी चीर गेली होती आणि तेवढ्या वाटेने सगळे तेल झिरपून धुळीत मिसळले होते. म्हणून नवख्यांना माझे सांगणे असे, की कोणते तेल घालावे हा प्रश्न नंतरचा. ठरवलेले तेल ठरल्या मापाने आत आहे की नाही, हे आधी पाहावे.

अशा बग्गीत पुढे, मध्ये आणि मागे मिळून तीन डिफ असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अधिक अंतर कापावे लागते आणि ती सोय डिफमधील छोटे गिअर करतात. परंतु एखादे चाक जमिनीवरून हलके झाले, की इंजिनाची किंवा मोटरची सगळी ताकद त्याच चाकाकडे पळते. घट्ट सिलिकॉन तेल या पळण्याला आवर घालते. पुढे आणि मध्ये ५,००० ते ७,००० सेंटिस्टोक्स (तेलाच्या घट्टपणाचे एकक), तर मागे २,००० ते ३,००० ही १/८ बग्गीसाठी रूढ सुरुवात आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या मधल्या डिफमध्ये तेल फार पातळ असेल, तर वेग घेताना भार मागे जाऊन पुढची चाके मोकळी फिरतात आणि त्यांचे टायर फुग्यासारखे फुगलेले ट्रॅकच्या कडेला उभ्या असलेल्यालाही दिसतात.

डिफ खोलल्यावर रबरी रिंगा बाजूला ठेवून धातूचे भाग ब्रेक क्लीनरने धुवावेत, रिंगा आणि कागदी गॅस्केट शक्यतो नवे घालावे आणि तेल गिअरच्या आडव्या पिनांच्या किंचित वर येईल इतकेच भरावे. काठोकाठ भरलेले तेल तापून पसरते आणि रिंगांमधून वाट काढते. मात्र डोळ्यांच्या अंदाजावर दोन वेळचे माप सारखे येत नाही. मी सराफ्यातल्या मामांच्या दुकानातून जुना छोटा काटा आणला आणि डिफ आधी कोरडा, मग भरल्यावर तोलू लागलो. “अरे, सोनं तोलतोयस की तेल?” असे मामा हसून म्हणाले खरे, पण वहीत ग्रॅम लिहायला लागल्यापासून माझी गाडी दर वेळी वेगळी वागेनाशी झाली. तेल भरल्यावर बुडबुडे वर येईपर्यंत थांबावे, स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत आणि दोन्ही बाजूंचे, चाकांकडे जाणारे दांडे ज्यांत बसतात ते कप हातांनी उलटसुलट फिरवून पाहावेत. अडथळा एकसारखा, मऊ लागला पाहिजे. मध्येच खट्‌ लागले, तर गिअरचा दात तपासावा.

आता शॉकच्या तेलाकडे वळू. बाटलीवर कधी ‘३० वेट’ असते, कधी ‘३५० सेंटिस्टोक्स’. वेटचे आकडे कंपनीगणिक बदलतात, सेंटिस्टोक हे मात्र मोजण्याचे एकक आहे. २० अंशांचे पाणी साधारण १ सेंटिस्टोकचे असते, यावरून ३५०च्या तेलाचा घट्टपणा ध्यानात येईल. नवख्याने सेंटिस्टोक छापलेलीच बाटली घ्यावी आणि शक्यतो एकाच कंपनीची तेले वापरावीत. मी एकदा पैसे वाचवायला मोटरसायकलच्या फोर्कचे तेल घातले, कारण त्यावरही वेटच लिहिले होते. ते खनिज तेल निघाले. आठवड्याभरात शॉकच्या रिंगा फुगल्या आणि दांडे अडकू लागले.

घट्टपणाचे छापील आकडे बहुधा २५ अंशांचे असतात. सिलिकॉन तेल खनिज तेलाच्या मानाने उष्णतेला फारशी दाद देत नाही, तरी ४० अंशांवर ते सुमारे चतुर्थांशाने पातळ होते आणि मे महिन्यातल्या दुपारी इंदूरचा पारा तिथे सहज पोहोचतो. त्यामुळे हिवाळ्यात ४००चे तेल घालणाऱ्याने उन्हाळ्यात ५००च्या आसपास जाऊन पाहावे. पण माळव्याची संध्याकाळ चांगलीच उतरते. दुपारच्या सरावात गोड वाटलेली गाडी दिवे लागल्यावर ताठ वाटली, तर नवल नाही.

आमची काळी माती वाळली की भेगाळते आणि ट्रॅकवर बारीक खड्डे पडतात. शॉकच्या आत तेलातून सरकणाऱ्या पिस्टनची छिद्रे लहान असतील, तर अशा जलद धक्क्यांत तेल वेळेत पलीकडे जाऊ शकत नाही, शॉक क्षणभर दगडासारखा होतो आणि गाडी उसळते. तेव्हा छिद्रे मोठी घेऊन तेल थोडे घट्ट करणे मला अधिक मानवले. मोठ्या उड्या असलेल्या ट्रॅकवर मात्र लहान छिद्रांचा तोच ताठपणा जमिनीवर आदळताना कामी येतो.

शॉक भरताना पिस्टन हळूहळू वरखाली करून हवा काढावी, मग शॉक दहा मिनिटे उभा ठेवून झाकण लावावे. डावा आणि उजवा शॉक एकत्र पूर्ण दाबून सोडावेत. एक दांडा दुसऱ्यापेक्षा अधिक बाहेर आला, तर दोन्ही पुन्हा उघडावेत.